रिसेप्टरचा कोणता डोमेन लिगँड धरतो आणि कोणता अडवतो: तपासायची रीत

नागपुरात एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या प्रकल्पांची धावपळ जानेवारीत सुरू होते आणि ऐन मे महिन्यात संपते. या चार-पाच महिन्यांत मुलांपैकी कुणी ना कुणी माझ्यासमोर एक आलेख ठेवतं आणि म्हणतं, "सर, हा डोमेन काढला तर लिगँड बसतच नाही. म्हणजे लिगँड इथेच बसतो, नाही का?"

मी विचारतो, "आणि डोमेन काढल्यावर लिगँड जास्त घट्ट बसला असता, तर काय म्हणाला असतास?" तिथे बहुतेक जण थांबतात. हा लेख त्या थांबण्याबद्दल आहे. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं निरोप घेणारं प्रोटीन, आणि त्याच्यावर येऊन बसणारा रेणू म्हणजे लिगँड. लिगँड रिसेप्टरच्या ज्या भागाला शिवतही नाही, तो भागसुद्धा लिगँड किती घट्ट बसेल हे ठरवू शकतो. हे मनात पक्कं असल्याशिवाय केलेली कापाकापी भलतंच उत्तर देते.

डोमेन म्हणजे प्रोटीनच्या साखळीचा असा तुकडा जो स्वतःचा स्वतः घडी घेऊन उभा राहतो. मी मुलांना संत्र्याची फोड दाखवतो. प्रत्येक फोडीला आपली साल, आपला आकार. पण उपमा तिथेच संपते. संत्र्याची एक फोड काढली तर बाकीच्या जागच्या हलत नाहीत, रिसेप्टरमध्ये हलतात.

उदाहरण म्हणून मी ईजीएफआर घेतो, म्हणजे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टरचा रिसेप्टर. त्याचे डोमेन नीट ओळखलेले आहेत, रचना फुकट उपलब्ध आहेत, आणि कॅन्सरची कितीतरी औषधं त्याच्या कुटुंबावर चालतात. शेवटी आपल्या विदर्भाच्या कपाशीकडे येऊ, कारण गुलाबी बोंडअळीच्या आतड्यातही असाच एक रिसेप्टर आहे.

आधी प्रश्नाचे चार तुकडे करा

"लिगँड बसत नाही" या एका वाक्यात चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. प्रोटीनने घडीच नीट घेतली नसेल. घडी घेतली, पण ते पेशीच्या पृष्ठभागावर पोहोचलं नसेल. पोहोचलं, पण लिगँडला धरणारे नेमके अमिनो आम्ल गेले असतील. किंवा धरणारे सगळे जागेवर असतील, पण त्यांचं एकमेकांतलं अंतर आणि कोन बदलला असेल.

वहीच्या पहिल्या पानावर हे चार प्रश्न लिहून ठेवा आणि प्रत्येक प्रयोगापुढे तो यातल्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतो ते नोंदवा. एकच प्रयोग चारही प्रश्नांना उत्तर देतोय असं वाटलं, तर काहीतरी गफलत आहे.

नकाशा काढा, हाताने

युनिप्रॉट या प्रोटीनांच्या डेटाबेसवर मानवी ईजीएफआरचा क्रमांक पी००५३३ आहे. साखळी १२१० अमिनो आम्लांची. त्यातले पहिले २४ सिग्नल पेप्टाइड, जे प्रोटीन तयार होताना कापलं जातं. उरलेल्या साखळीचा सुमारे ६२० अमिनो आम्लांचा भाग पेशीबाहेर असतो. मग पेशीच्या पटलातून आरपार जाणारी एकच कांडी, आणि आत कायनेज (फॉस्फेट चढवणारा भाग) व शेपूट.

बाहेरच्या भागात चार डोमेन आहेत. सिग्नल पेप्टाइड वगळून मोजलं तर पहिला ढोबळमानाने १ ते १६५, दुसरा ३१० पर्यंत, तिसरा ४८० पर्यंत, आणि चौथा तिथून पुढे पटलापर्यंत. पहिला आणि तिसरा एकमेकांसारखे, गुंडाळलेल्या पट्टीसारखे. दुसरा आणि चौथा सिस्टीन या अमिनो आम्लाने भरलेले, दोन सिस्टीनांना जोडणाऱ्या डायसल्फाइड बंधांच्या छोट्या छोट्या गाठींची माळ असावी तसे.

आलेखाच्या कागदावर लांबट पट्टी काढा, डोमेनच्या सीमा आखा आणि डायसल्फाइडच्या जोड्या कमानींनी जोडा. कॉम्प्युटरवर हे चित्र दोन मिनिटांत मिळतं, तरी हाताने काढा असाच माझा आग्रह आहे. कुठे कापायचं ठरवताना कमान तुटते का, हे हाताने काढलेल्या चित्रात लगेच नजरेत भरतं. कमान तुटली तर एक सिस्टीन एकटा राहतो, तो भलत्याच सिस्टीनशी जोडी जमवतो आणि सगळी घडी बिघडते.

इथे क्रमांकांची एक जुनी अडचण आहे. काही लेखांत सिग्नल पेप्टाइड धरून मोजतात, काहींत वगळून. फरक बरोबर २४ चा. आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांत सेटक्सिमॅब या अँटिबॉडी-औषधाला दाद न देणारा एक बदल सापडला, त्याला एस४९२आर म्हणतात. तोच सेरीन रचनेच्या फाइलमध्ये ४६८ क्रमांकावर दिसतो. तुम्ही ४९२ शोधत बसलात तर तिसरा डोमेन सोडून चौथ्यात जाऊन पोहोचाल. प्रायमर (डीएनएत बदल करायला लागणारे छोटे तुकडे) मागवण्याआधी हे तपासा. मागवून झाल्यावर कळलं तर पैसे आणि पंधरा दिवस दोन्ही जातात.

दोन रचना शेजारी ठेवा

आता प्रोटीन डेटा बँकेतून दोन फाइली उतरवा: १आयव्हीओ आणि १एनक्यूएल. पाहायला कायमेराएक्स वापरा, शिक्षणासाठी ते फुकट आहे.

१आयव्हीओ ही २००२ सालची रचना. तिच्यात दोन रिसेप्टर, दोन ईजीएफ. ईजीएफ ५३ अमिनो आम्लांचा छोटा प्रोटीन, आणि तो पहिल्या व तिसऱ्या डोमेनच्या मध्ये बसलेला दिसतो. गंमत अशी की ईजीएफ या दोन रिसेप्टरांच्या सांध्यात नाही, तो दोन्ही टोकांना बाहेरच्या बाजूला आहे. सांधा जमतो तो दुसऱ्या डोमेनमधून निघालेल्या एका लांब हाताने, जो समोरच्या रिसेप्टरला जाऊन भिडतो.

लिगँडपासून ४ अँगस्ट्रॉमच्या आत येणारे रिसेप्टरचे अमिनो आम्ल निवडा आणि रंगवा. रंग पहिल्या आणि तिसऱ्या डोमेनवरच चढेल. ईजीएफचा ४१ वा आर्जिनीन तिसऱ्या डोमेनमधल्या ३५५ व्या अ‍ॅस्पार्टेटला धरून असलेला दिसेल. हा धन-ऋण भारांचा जोड महत्त्वाचा आहे, तेवढा भाग मोठा करून पाहा. चौथ्या डोमेनचा बहुतांश भाग या फाइलमध्ये दिसतच नाही. तो जागचा हलत असल्यामुळे क्ष-किरणांत उमटला नाही. पूर्ण चौथा डोमेन पाहायचा असेल तर २०१० ची ३एनजेपी उघडा.

मग १एनक्यूएल, २००३ सालची. इथे रिसेप्टर एकटा आणि दुमडलेला आहे. दुसऱ्या डोमेनचा तोच हात समोरच्या रिसेप्टरकडे न जाता स्वतःच्याच चौथ्या डोमेनमध्ये अडकला आहे, दाराला आतून कडी घालावी तसा. या रचनेतला ईजीएफ फक्त पहिल्या डोमेनला चिकटला आहे.

दोन्ही रचना तिसऱ्या डोमेनवर एकमेकींवर बसवा, आणि फक्त तिसऱ्यावर. अख्खं प्रोटीन बसवलंत तर काहीच नीट बसणार नाही आणि फरक कुठे आहे हे कळणार नाही. तिसरा जुळला की पहिल्या डोमेनकडे बघा. एका रचनेत तो ईजीएफच्या पलीकडे जवळच उभा आहे, दुसऱ्यात पार लांब फेकला गेला आहे. पहिला-दुसरा हा जोड तिसरा-चौथा या जोडाच्या तुलनेत सुमारे १३० अंशांनी फिरतो. कडी लागलेली असताना एकच ईजीएफ दोन्ही डोमेनांना एकाच वेळी धरू शकत नाही. हात दोन आहेत, पण कवेत घेता येत नाही.

हे प्रत्यक्ष फिरवून पाहिलं की सगळा विषय डोळ्यांसमोर उभा राहतो. मागे एक विद्यार्थिनी हे बराच वेळ उलटसुलट फिरवत बसली होती. मग म्हणाली, "सर, म्हणजे चौथा डोमेन काढला तर ईजीएफ जास्त घट्ट बसायला पाहिजे." अगदी तसंच होतं. २००१ मध्ये, या रचना हाती येण्याआधीच, फक्त ५०१ अमिनो आम्लांचा बाहेरचा तुकडा बनवून पाहिला होता, ज्यात चौथ्या डोमेनचा फार थोडा भाग उरतो. पूर्ण बाहेरच्या भागापेक्षा तो ईजीएफला किमान दसपट घट्ट धरत होता. ज्याला ईजीएफ शिवतही नाही असा डोमेन काढला आणि पकड वाढली.

अल्फाफोल्डबद्दल, म्हणजे साखळीवरून प्रोटीनच्या रचनेचं भाकीत करणाऱ्या प्रोग्रामबद्दल, एक सूचना. तुमच्या रिसेप्टरची प्रायोगिक रचना नसेल तर त्याचं भाकीत जरूर वापरा, पण डोमेनची आतली घडी आणि डोमेनांची आपसांतली मांडणी या दोन गोष्टी वेगळ्या धरा. घडी बहुधा भरवशाची असते. मांडणीबद्दल भाकीत किती ठाम आहे हे सोबतच्या त्रुटीच्या चौकोनी नकाशात दिसतं, तो उघडल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. आणि भाकीत एकच स्थिती दाखवतं. कडी लागलेली आणि उघडलेली अशा दोन स्थिती असतात हे ते आपणहून सांगत नाही.

कापण्याआधी भाकीत लिहा

आता काय काय बनवायचं ते ठरवा. डोमेन काढून टाकणं हा सर्वांना सुचणारा मार्ग, आणि सगळ्यात जाडाभरडा. मी चार प्रकार सुचवतो आणि प्रत्येकासमोर आधीच उत्तर लिहायला लावतो: अ‍ॅफिनिटी (पकडीचा घट्टपणा) वाढेल, घटेल की तशीच राहील, आणि का.

पहिला प्रकार कापलेला तुकडा, वर सांगितला तसा. दुसरा एकेका अमिनो आम्लाचा बदल. लिगँडला शिवणारा बदला, उदाहरणार्थ तो ३५५ वा अ‍ॅस्पार्टेट. त्याच्यासोबत कडीतला एक बदला, दुसऱ्या डोमेनमधला २४६ वा टायरोसीन किंवा चौथ्यातला ५६३ वा अ‍ॅस्पार्टेट. कडीतले बदल केल्यावर अ‍ॅफिनिटी थोडी वाढते, पण चौथा डोमेन कापल्याइतकी नाही, आणि कडी मोडली म्हणून रिसेप्टर आपोआप चालूही होत नाही. ही नोंद महत्त्वाची आहे. कडी हे एक कारण आहे, एकमेव नाही.

तिसरा प्रकार डोमेनांची अदलाबदल, आणि तो माझा आवडता. कोंबडीचा ईजीएफआर उंदराच्या ईजीएफला मानवी रिसेप्टरपेक्षा सुमारे शंभरपट सैल धरतो. १९८९ मध्ये कोंबडीच्या रिसेप्टरमध्ये मानवी तिसरा डोमेन बसवला, तेव्हा पकड मानवी रिसेप्टरसारखी घट्ट झाली. या प्रयोगाचं बळ कशात आहे ते पाहा. काहीतरी काढल्यावर पकड गेली, तर कारणं दहा असू शकतात. काहीतरी घातल्यावर पकड आली, तर घडी बिघडल्याची शंका उरत नाही. बिघडलेलं प्रोटीन नवं कसब दाखवत नाही. नात्यातल्या दुसऱ्या प्राण्याचा, पण वेगळी आवडनिवड असलेला रिसेप्टर मिळत असेल, तर कापाकापीआधी अदलाबदल करा.

चौथा प्रकार अँटिबॉडी. या कुटुंबात प्रत्येक डोमेनसाठी निसर्गाने नव्हे, औषध कंपन्यांनी खुणा करून ठेवल्या आहेत. सेटक्सिमॅब ईजीएफआरच्या तिसऱ्या डोमेनवर बसतो आणि ईजीएफची जागाच अडवतो. भावंड असलेल्या हर२ वर पर्टुझुमॅब दुसऱ्या डोमेनला धरतो, ट्रास्टुझुमॅब चौथ्याला. हर२ चा स्वतःचा लिगँड सापडलेला नाही. त्याची कडी कधी लागतच नाही, तो कायम उघडा उभा असतो, आणि पहिला व तिसरा डोमेन एकमेकांना इतके खेटून असतात की मध्ये लिगँडला जागा नाही. तेच चार डोमेन, तोच क्रम, फक्त मांडणी निराळी, आणि लिगँड धरण्याची क्षमताच गेली.

मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या कॅन्सरात आढळणारा बदललेला रिसेप्टर ईजीएफआरव्ही३ यांच्याशी जोडून वाचा. त्यात पहिल्या आणि दुसऱ्या डोमेनचा मोठा भाग, २६७ अमिनो आम्ल, गळलेला असतो. तो ईजीएफ धरत नाही, तरी थोडाथोडा चालूच राहतो. लिगँड धरणं आणि रिसेप्टर चालू होणं यांचे दोन वेगळे रकाने करा.

प्रोटीन कुठे बनवायचं

इथे माझी एक जुनी चूक सांगतो. मी ज्या प्रयोगशाळेत शिकलो तिथे सिस्टीनने भरलेला एक रिसेप्टर-तुकडा आम्ही ई. कोलाय जिवाणूंमध्ये बनवला होता, कारण तेच स्वस्त आणि हाताशी होतं. प्रोटीन भरपूर निघालं, पण गोळे होऊन. युरियात विरघळवलं, हळूहळू युरिया काढून घडी घालायचा प्रयत्न केला, जेलवर छान एकच पट्टी दिसली. लिगँड बसला नाही. आम्ही लिहून टाकलं की हा भाग लिगँड धरत नाही. पुष्कळ महिन्यांनी त्याच नमुन्याचा जेल मी मर्काप्टोइथेनॉल (डायसल्फाइड तोडणारं रसायन) न घालता चालवला. पट्टी नव्हतीच, विहिरीपासून खालपर्यंत नुसता फराटा होता. डायसल्फाइड वाटेल तसे जुळले होते. आम्ही इतके दिवस लिगँडला एका गुंत्यावर बसवायचा प्रयत्न करत होतो.

तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे: जेल दोन, एक मर्काप्टोइथेनॉल घालून आणि एक न घालता, आणि दोन्ही एकाच दिवशी. खर्च जवळपास शून्य.

ईजीएफआरच्या बाहेरच्या भागात पंचवीसच्या आसपास डायसल्फाइड आहेत आणि साखरेच्या साखळ्या लागायच्या दहाहून जास्त जागा. अशा प्रोटीनसाठी एचईके२९३ (मानवी), सीएचओ (हॅमस्टरच्या) किंवा कीटकांच्या पेशी घ्या. पेशीसंवर्धनाची सोय नसेल तर जिथे आहे तिथे दोन आठवडे जाऊन काम करा. ई. कोलायवर घालवलेल्या चार महिन्यांपेक्षा ते स्वस्त पडतं.

टॅग (ओळखीसाठी जोडलेला छोटा तुकडा) सिग्नल पेप्टाइडच्या लगेच नंतर लावा, म्हणजे तो पेशीबाहेर येईल आणि पुढच्या पायरीत उपयोगी पडेल. एफसी (अँटिबॉडीच्या शेपटाकडचा भाग) टॅग मात्र जपून. एफसी स्वतः जोडीने राहतो, त्यामुळे तुमचा एकटा रिसेप्टरही जोडीत बांधला जातो. ईजीएफआरसारख्या रिसेप्टरमध्ये जोडीचा घट्टपणावर परिणाम होतो, तेव्हा डोमेनचा परिणाम कोणता आणि टॅगचा कोणता, हे वेगळं काढता येत नाही.

बसतो का विचारण्याआधी, पोहोचला का विचारा

प्रत्येक नमुन्यासाठी, पेशींना छिद्रं न पाडता, टॅगविरोधी अँटिबॉडीने फ्लो सायटोमेट्री (एकेका पेशीची चमक मोजणं) करा. मग छिद्रं पाडून पुन्हा करा. आतला आकडा मोठा आणि बाहेरचा शून्य असेल तर प्रोटीन बनलं, पण वाटेत अडकलं. एंडो एच नावाचं एन्झाइम घालून पाहा. त्याने साखर पूर्ण उतरली तर प्रोटीन एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममधून पुढे गेलेलं नाही.

घडी तपासायला अशी अँटिबॉडी घ्या जी फक्त नीट घडी घेतलेल्या डोमेनला ओळखते. तुम्ही चौथ्या डोमेनमध्ये बदल केला असेल तर तिसऱ्यावर सेटक्सिमॅब बसतो का पाहा. बसला तर निदान तिसरा डोमेन शाबूत आहे.

बाइंडिंग, नागपूरच्या मे महिन्यात

कागदावर लिहिलेलं असतं, "रूम टेंपरेचरला दोन तास ठेवा". लिहिणाऱ्याच्या मनात २२ ते २५ अंश असतात. आपल्याकडे बाहेर ४५ अंश असताना एसी बंद पडलेल्या खोलीत रूम टेंपरेचर ३८ असू शकतं, आणि घट्टपणा तापमानाप्रमाणे बदलतो. एका मुलाच्या तीन आठवड्यांच्या आकड्यांत एकही आलेख दुसऱ्याशी जुळेना. शेवटी आम्ही वहीत वेळा पाहिल्या. सकाळी केलेले प्रयोग एका रेषेत होते, दुपारचे दुसऱ्या. साध्या वॉटर बाथला पाणी तापवता येतं, गार करता येत नाही, हे विसरून त्याने बाथ २५ वर लावून ठेवला होता आणि पाणी ३४ वर होतं. तेव्हापासून बाथमध्ये वेगळा थर्मामीटर लटकतो आणि प्रत्येक प्रयोगाशेजारी त्याचा आकडा लिहिला जातो.

जिवंत पेशींवर करत असाल तर ४ अंशांवर, बर्फाच्या पाण्यात करा. ३७ अंशांवर पेशी लिगँडसकट रिसेप्टर गिळून आत घेते आणि तुम्ही मोजता ते बाइंडिंग राहत नाही. थर्माकोलच्या खोक्यात नुसता बर्फाचा चुरा असला तर नळी सगळीकडून टेकत नाही. चुऱ्यात पाणी घाला.

लिगँडवर खूण कुठे लावता तेही बघा. ईजीएफला फ्लोरेसंट किंवा बायोटिनची खूण बहुधा लायसीनवर लावतात. मानवी ईजीएफमध्ये लायसीन दोन आहेत, २८ आणि ४८ क्रमांकावर. रिसेप्टरला धरणारे ल्युसीन आहेत २६ आणि ४७ वर. म्हणजे खूण नेमकी पकडीच्या बोटांशेजारी लागते. उंदराच्या ईजीएफमध्ये लायसीन एकही नाही, त्यामुळे खूण फक्त सुरुवातीच्या टोकाला लागते, आणि तो मानवी रिसेप्टरवरही चांगला बसतो. मी उंदराचाच वापरतो. मागवताना पुरवठादाराला सांगा, माल सोमवारीच निघू दे. शुक्रवारी निघालेलं पार्सल उन्हाळ्यात शनिवार-रविवार कुठल्या गोदामात पडून राहील याचा नेम नाही.

पेशी किती घ्यायच्या, हा हिशेब कुणी करत नाही आणि सगळ्यात जास्त आलेख त्यानेच बिघडतात. समजा एका पेशीवर १ लाख रिसेप्टर आहेत आणि तुम्ही १०० मायक्रोलिटरमध्ये २ लाख पेशी घेतल्या. रिसेप्टर झाले २००० कोटी, म्हणजे त्या आकारमानात सुमारे ०.३३ नॅनोमोलर. आता तुमचा सगळ्यात पातळ लिगँड ०.१ नॅनोमोलर असेल तर रिसेप्टरच लिगँडपेक्षा तिप्पट झाले. ते द्रावणातला लिगँड ओढून घेतील, आणि घट्ट धरणारा नमुना प्रत्यक्षापेक्षा सैल दिसेल. त्याऐवजी १ मिलिलिटरमध्ये २० हजार पेशी घ्या. रिसेप्टर ०.००३ नॅनोमोलरवर येतात आणि अडचण मिटते. ए४३१ पेशी वापरत असाल तर आणखी जपा, त्यांच्या एकेका पेशीवर दहा लाखांहून जास्त ईजीएफआर असतात.

वेळेचाही हिशेब करा. केडी (अर्धे रिसेप्टर भरायला लागणारी लिगँडची मात्रा; जितका कमी तितकी पकड घट्ट) १ नॅनोमोलर आणि जोडणीचा वेग सेकंदाला प्रति मोलर १० लाख धरला, तर सुटण्याचा अर्धा काळ साडेअकरा मिनिटांच्या आसपास येतो. पातळ लिगँडला समतोल गाठायला असे पाच अर्धे काळ, म्हणजे सुमारे तासभर हवा. गारठ्यात त्याहून जास्त. एकदा एक तास, दोन तास आणि चार तास ठेवून पाहा. आकडा जिथून बदलायचा थांबतो तिथून तुमची वेळ सुरू.

लिगँडच्या मात्रा अपेक्षित केडीच्या दहाव्या हिश्श्यापासून दहापटीपर्यंत तरी ठेवा. प्रत्येक मात्रेसोबत शंभरपट बिनखुणेचा लिगँड घातलेली एक नळी ठेवा, तिच्यातला आकडा वजा करायचा असतो.

आकडे वाचताना

वक्रातून दोन आकडे निघतात: केडी आणि बीमॅक्स, म्हणजे सगळे रिसेप्टर भरल्यावर बसलेला एकूण लिगँड. डोमेन बदलल्यावर बीमॅक्स घटला आणि केडी तसाच राहिला, तर पोहोचलेले रिसेप्टर नीट धरत आहेत, फक्त कमी पोहोचले आहेत. हा बाइंडिंगचा निष्कर्ष नाही, वाहतुकीचा आहे. फ्लो सायटोमेट्रीचा आकडा शेजारी ठेवा, दोन्ही जुळायला हवेत. बीमॅक्स तोच आणि केडी वाढला, तर पकड खरोखर सैल झाली. दसपट फरक म्हणजे २५ अंशांना मोलमागे सुमारे १.४ किलोकॅलरी, एखादा चांगला हायड्रोजन बंध गेल्याइतकं. शंभरपट घसरण एकाच अमिनो आम्लाच्या बदलाने आली आणि तो लिगँडपासून लांब असेल, तर घडी पुन्हा तपासा.

केडीचा बदल थेट पकडीचा की मांडणीचा, हे ओळखायला दोन बदल एकत्र करा. कडी मोडणारा आणि पकड सैल करणारा. दोघांचे परिणाम एकमेकांत नुसते मिळवले गेले तर ते स्वतंत्र आहेत. कडी मोडल्यावर दुसऱ्या बदलाचा परिणाम बदलला तर दोघांचा धागा एक आहे.

आतली बाजू विसरू नका

पेशीवरच्या पूर्ण ईजीएफआरचा केडी नॅनोमोलरच्या आसपास किंवा त्याहून कमी येतो. त्याच रिसेप्टरचा फक्त बाहेरचा भाग द्रावणात घेतला तर तो शेकडो नॅनोमोलर असतो. बाहेरचे चारही डोमेन तेच आहेत. फरक पडतो तो पटलातल्या कांडीने, आतल्या भागाने आणि जोडी जमण्याने. प्रोटीन कायनेज सी ने पटलाच्या अगदी आतल्या बाजूच्या ६५४ व्या थ्रिओनीनवर फॉस्फेट चढवला की बाहेरची घट्ट पकड नाहीशी होते, हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे. लिगँड घराबाहेर, बदल घराच्या आत, मध्ये पटल. म्हणून द्रावणातले आकडे मिळाले की निदान दोन नमुने, मूळ आणि सगळ्यात लक्षवेधी, पूर्ण लांबीच्या रिसेप्टरमध्ये पेशीवर पुन्हा करा.

तीच रीत बोंडअळीला

वर्धा रोडवर १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, आणि विदर्भातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या घरी गुलाबी बोंडअळी हा शब्द लहान मुलालाही माहीत असतो. २०१७ च्या हंगामात तिने जे नुकसान केलं ते अजून कुणी विसरलेलं नाही. बीटी कपाशीतला क्राय१एसी हा अळीला विष ठरणारा प्रोटीन अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या रिसेप्टरवर बसतो. आपल्या भाषेत क्राय१एसी हा लिगँड. त्याचेही तीन डोमेन: पहिला पटलाला भोक पाडतो, दुसरा आणि तिसरा रिसेप्टर ओळखतात.

कॅडहेरिन हा एकामागोमाग ओवलेल्या डोमेनांचा लांब दोर आहे. तंबाखूवरच्या मँड्युका या अळीत असे १२ डोमेन मोजले आहेत, आणि क्राय१एसीचंच भावंड असलेलं क्राय१एबी धरण्यासाठी पटलाला सगळ्यात लगतचा बारावा डोमेन कळीचा ठरतो. टोकाचे पुष्कळ डोमेन विषाला शिवतही नाहीत.

गुलाबी बोंडअळीत क्राय१एसीला न जुमानणाऱ्या कॅडहेरिनच्या तीन आवृत्त्या २००३ मध्ये सापडल्या. भारतातल्या अळ्यांत २०१४ मध्ये आणखी आठ, सगळ्या वाईट तुटलेल्या. इथे नवखा संशोधक लगेच म्हणेल, विषाची बसायची जागा बदलली. पण २०१८ मध्ये चीनमधल्या अळीत असा बदल सापडला की तो पटलातल्या कांडीच्या भागात होता, आणि त्यामुळे कॅडहेरिन पेशीच्या पृष्ठभागावर न पोहोचता एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्येच अडकून पडत होता. आपल्या चार प्रश्नांतला दुसरा. विष बसायची जागा शाबूत असली तरी ती बाहेर आलीच नाही, तर विषाला उपयोग काय?

बॉलगार्ड २ या बीटी कपाशीत २००६ पासून दुसरं विषही आहे, क्राय२एबी. त्याला दाद न देण्याचं कारण गुलाबी बोंडअळीत कॅडहेरिन नसून एबीसीए२ नावाचा वेगळाच वाहक आहे. तेव्हा एका अळीत दोन्ही विषं निकामी झालेली दिसली, तर एकाच रिसेप्टरमध्ये उत्तर शोधू नका.

हा प्रकल्प कुणाला करायचा असेल तर सुरुवात अशी करा: कॅडहेरिनचा पटलालगतचा तुकडा, मूळ आणि एक तुटलेला, कीटकांच्या पेशींत, सिग्नल पेप्टाइडमागे टॅग लावून. पहिल्या आठवड्यात विषाला हात लावू नका. आधी छिद्रं न पाडलेल्या पेशींवर टॅग दिसतो का ते पाहा, आणि जेल दोन चालवा.